चार ओळींचं बिल

भांडुपहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा एस.वाय.बी.कॉम.ला आहे, कॉलेजसाठी एकांकिका लिहितो, एका स्पर्धेत लेखनाचं बक्षीसही मिळालं. आता सीए फाउंडेशनचा क्लास सोडून त्याला लेखक व्हायचंय. बेस्टमध्ये नोकरी करणाऱ्या वडिलांच्या मते लिहिणं हा छंद आहे, त्यावर घर चालत नाही. आई पुढे लिहितात, ‘सोसायटीची पत्रं, मंडळाची स्मरणिका, नणंदेच्या मुलीच्या लग्नातलं निवेदन, सगळं तोच लिहितो. पण मागच्या महिन्यात एका वेब सिरीजवाल्याने त्याच्याकडून दहा सीन लिहून घेतले आणि आता तो फोन उचलत नाही. हे क्षेत्र असंच आहे का?’

ताई, बऱ्याच अंशी असंच आहे. पण राग त्या एका माणसावर काढून भागणार नाही. मंडळाच्या स्मरणिकेचंच घ्या. कागदाचे पैसे गेले, छपाईवाल्याचे गेले, मुखपृष्ठ करून देणाऱ्यालाही काहीतरी दिलं असेल. लिहिणाऱ्याला काय मिळालं? फार तर शाल-श्रीफळ. फुकट लिहून द्यायची सवय मुलाला घरातून आणि गल्लीतूनच लागलेली असते, बाहेरचे तिचा फक्त फायदा घेतात. यंदा मंडळवाले आले की त्याला दर सांगू द्या, हजार रुपये का असेनात. तो सांगत असताना तुम्ही मध्येच ‘अहो, घरचंच आहे’ म्हणू नका. पैसे मागताना जीभ जड होते, ती आधी ओळखीच्या माणसांसमोर सैल व्हावी लागते.

या कामाला भाव का नाही? कॅमेरा चालवता येत नाही हे कुणीही कबूल करतो. लिहिता मात्र आपल्यालाही येतं असं दहावीपर्यंत निबंध लिहिलेल्या प्रत्येकाला वाटतं. त्यामुळे निर्मात्याचा मेव्हणाही संवाद सुधारून देतो, आणि ‘चार ओळी तर लिहायच्या आहेत, त्याचे एवढे?’ हा प्रश्न चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही येतो.

आता मुलाने ऐकावं असं. मालिकेचं लेखन म्हणजे टेबलाशी बसून सुचेल ते लिहिणं नव्हे. बहुतेक मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद वेगवेगळी माणसं लिहितात. आधी वनलाईन, म्हणजे काय घडणार याचा थोडक्यात आराखडा, ती चॅनेलकडून मंजूर झाली की पटकथा, मग संवाद. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, संपलेली असली की सकाळी नऊच्या शिफ्टचे सीन रात्री दोनला मेलवर जातात. साडेनऊला सेटवरून फोन येतो, ‘सासूचं काम करणाऱ्या बाईंना ताप आहे, सीन फिरवा.’ म्हणजे तासाभरात सासूशिवाय भांडण उभं करायचं, तेही असं की पुढच्या तीन एपिसोडना धक्का लागू नये. हे आठवड्याचे सहा दिवस. मानधन एपिसोडमागे ठरतं आणि पुष्कळदा नव्वद दिवसांनी हातात येतं. जाहिरातीत वेगळं. वीस सेकंदांच्या रेडिओ स्पॉटला पन्नासच्या आसपास शब्द मिळतात, त्यातच दुकानाचं नाव दोनदा आणि फोन नंबरही बसवायचा असतो. तिथे एकांकिकेचं बक्षीस कुणी विचारत नाही.

पुस्तकाचा हिशेब वडिलांनीच करून पाहावा. तीनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, पाचशे प्रती खपल्या असं धरलं तर लेखकाला पंधरा हजार. तेही एक-दोन वर्षं लिहिल्यावर, आणि प्रकाशकाने हिशेब दिला तर. व्यावसायिक नाटकात प्रयोगामागे मानधन असतं, पण प्रयोग लागले तरच. म्हणून मुंबईत लिहून जगणारी बहुतेक माणसं एका हाताने आवडीचं आणि दुसऱ्या हाताने भाकरीचं लिहितात: अनुवाद, सबटायटल, डबिंगची स्क्रिप्ट, कंपन्यांचे अंक. यात कमीपणा मानू नये. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही नीट येणारा मुलगा या शहरात सहसा रिकामा बसत नाही. सगळ्यात स्वस्त काम मात्र, वेबसाइटवरची वस्तूंची वर्णनं वगैरे, एआयकडे चाललंय आणि ‘मशीनने लिहिलंय, तुम्ही फक्त नजर फिरवा’ म्हणत चतुर्थांश दर देऊ करतात. नजर फिरवायला कधी कधी नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो, तेव्हा दर ठरवण्याआधी दोन पानं करून पाहावीत.

त्या दहा सीनचं. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. मुलगा त्या माणसाच्या पगारावर नव्हता आणि त्याने कशावर सही केली नसेल, तर ते लेखन आजही त्याचंच आहे. मूळ कथा त्या माणसाची असेल तर कथेवर दावा करता येणार नाही, लिहिलेल्या संवादांवर येईल. सगळे मेसेज जपून ठेवावेत आणि शांत भाषेत एक मेल टाकावा: अमुक तारखेला हे दहा सीन दिले, मानधन मिळालेलं नाही, ते मिळेपर्यंत वापरायला माझी परवानगी नाही. अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. नवख्यांनाही तिथे सदस्य होता येतं, स्क्रिप्ट ऑनलाइन नोंदवता येते आणि मानधनाचे, श्रेयाचे वाद ऐकायला समिती आहे. इथून पुढे नोंदणी आधी, पाठवणं नंतर. नमुना म्हणून एखादा सीन फुकट द्यायला हरकत नाही, दहा म्हणजे काम झालं, त्याचा ॲडव्हान्स मागायचा.

करार वाचायलाही त्याने आत्ताच शिकावं. हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलं नसेल तर कायदा ते पाच वर्षं धरतो. म्हणूनच ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांत’ ही ओळ तुम्हाला हमखास सापडेल. २०१२च्या दुरुस्तीने सिनेमाच्या लेखक-गीतकारांना थिएटरबाहेरच्या वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत यासाठी भांडले होते. इतक्या मोठ्या नावाला भांडावं लागलं, यावरून बाकीच्यांनी काय ते समजावं. हक्क कागदावर आहे, पैसे वसूल होणं ही पुढची लढाई.

सीएत मन नसेल तर फाउंडेशन सुटलं तरी चालेल. बी.कॉम. सोडू देऊ नका. सरकारी अनुवादकाच्या जागांना पदवी लागते, आणि बिल करणारा, मानधनातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, रिटर्न भरून परत मिळवणारा लेखक मला फार कमी भेटतो. तेवढं तरी तो कॉमर्समधून घेऊन येईल.

बी.कॉम.च्या निकालानंतर त्याला दोन वर्षं द्या. बाहेरगावची मुलं अंधेरीत एका खोलीत चौघं राहून भाडं भरतात आणि पहिलं काम मिळायच्या आत दमून परत जातात. तुमचा मुलगा घाटकोपरला मेट्रो पकडून मीटिंग करून रात्री घरी जेवायला येऊ शकतो, हे त्याचं मोठं भांडवल आहे. बदल्यात दर महिन्याला त्याने घरात ठरलेली रक्कम द्यावी. सुरुवातीला दोन हजार ठेवा, सहा महिन्यांनी वाढवा. ती लिहूनच मिळवलेली हवी, शिकवण्या घेऊन नव्हे. बिलं आणि बँकेतल्या नोंदी वडिलांनी दर तीन महिन्यांनी बघाव्यात. लिहिलेलं वाचायलाच हवं असं नाही.