फ्रीवे फुकट असतो म्हणून फ्रीवे नसतो

सॅन होजेजवळ राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : "८८० हा रस्ता कॅलिफोर्निया सोडून कुठेच जात नाही, तरी तो 'इंटरस्टेट' कसा? मराठीत त्याला आंतरराज्य म्हणावं की अंतर्राज्य? आम्ही आपले फ्रीवे म्हणतो, कारण टोल नसतो."

शेवटचं वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. त्याकडे येतोच.

आधी इंटरस्टेट. ते एका रस्त्याचं वर्णन नाही, १९५६च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या जाळ्याचं नाव आहे. बांधकामाचे ९० टक्के पैसे केंद्राचे. त्या जाळ्यात विषम आकडे दक्षिणोत्तर, सम आकडे पूर्वपश्चिम. पश्चिम किनाऱ्यालगत ५, पूर्व किनाऱ्यालगत ९५. तीन आकडी नंबरातले शेवटचे दोन आकडे म्हणजे आडनाव. मूळपुरुष ८०, सॅन फ्रान्सिस्कोपासून थेट न्यू जर्सीपर्यंत जाणारा. बे एरियातले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीचे, २८०, ३८०, ५८०, ६८०, ७८०, ८८०, ९८० ही त्याची पोरं, गाव न सोडणारी. (४८० दिवंगत : १९८९च्या भूकंपानंतर तो उड्डाणरस्ता पाडला.) ८८०सुद्धा दत्तकच. १९८०च्या दशकापर्यंत तो राज्यमार्ग १७ होता. आणि सॅन लिआंड्रोजवळचा दोनेक मैलांचा २३८ तर बिनबापाचा! इंटरस्टेट ३८ देशात कुठेच नाही. राज्यमार्गाचा जुना आकडा तसाच ठेवला, झालं.

आता फ्रीवे. टोल नाही म्हणून फ्री म्हणता, मग सॅन फ्रान्सिस्कोकडे जाताना बे ब्रिजवर पैसे कसले भरता? तोही ८०च आहे. हा शब्द १९३० साली न्यू यॉर्कचे वकील एडवर्ड बॅसेट यांनी घडवला, आणि त्यांच्या डोक्यात पैसा नव्हताच. साध्या हायवेवर लगतच्या जमीनमालकांना प्रकाश, हवा आणि येण्याजाण्याचा हक्क असतो. फ्रीवेवर यातला एकही नाही. म्हणजे मोकळा आहे तो रस्ता, शेजाऱ्यांच्या हक्कांपासून. तुमचा खिसा नव्हे.

येण्याजाण्याच्या या हक्काला आपल्याकडे अस्सल शब्द आहे : वहिवाट. बांधावरून गाडी नेण्यावरून भाऊबंदकी झालेल्या कुठल्याही गावात विचारा, वहिवाटीचा रस्ता म्हणजे काय ते चौथीतलं पोरही सांगेल. अनंत फंदींच्या फटक्यात बिकट वाटेला चिकटून येते ती हीच, तिथे 'नेहमीचा वापर' या अर्थाने. वापरातून हक्क, असा तिचा सगळा प्रवास. काही जण तिच्यातली 'वहि' हिशेबाच्या वहीशी जोडतात. मला हे मुळीच पटत नाही. वाहता रस्ता म्हणतो ना आपण? कसलेली जमीन 'वहीत' असते ना? वाहणं, वहीत, वहिवाट हे सगळं मला एकाच घरातलं दिसतं. जी वाट पावलांनी वाहती राहिली, ती वहिवाट. कोणाला वही कवटाळायची असेल त्याने खुशाल कवटाळावी.

तर फ्रीवे म्हणजे बिनवहिवाटीचा रस्ता. आणि आपण काय केलं? मुंबईतल्या ईस्टर्न फ्रीवेला 'पूर्व मुक्त मार्ग' म्हणून मोकळे झालो. कशापासून मुक्त, हे भाषांतर करणाऱ्याने स्वतःला विचारलेलं दिसत नाही. 'द्रुतगती मार्ग' त्याहून वाईट, त्यात नुसता वेग आहे, हक्काचा पत्ताच नाही. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या घाटात अडकलेल्याला तो शब्द म्हणून दाखवा.

'बिनवहिवाटी' लांब वाटत असेल तर फ्रीवेच म्हणा, माझी ना नाही.

हां, तुमचा प्रश्न राहिला. आंतरराज्य. संस्कृतात अंतर् दोन्ही अर्थांनी चालतं, पण मराठीने वाटणी केली आहे : आतलं ते अंतर्गत, दोघांमधलं ते आंतरजातीय. ८८० राज्यांतर्गत असूनही आंतरराज्य, ही गंमत मराठीतही टिकते. फक्त लिहिताना र दोनदा.