मीठ बर्फ वितळवतं की गारठा वाढवतं?

भावा, प्रश्न एक नंबर आहे तुझा. टोरांटोच्या पाहुण्यांनी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकचा व्हिडिओ पाठवला, बर्फ वितळायला म्हणून, आणि इकडं पॉट आईस्क्रीमवाला तेच खडेमीठ बर्फात टाकतोय अजून गार व्हायला, मग खरं कुठलं? दोन्ही खरं, कारण घडतंय एकच.

शून्य डिग्रीच्या बर्फावर पाण्याचा पातळ थर असतोच, तिथं सारखी ये-जा चालू असते, काही रेणू बर्फातनं सुटतात, तेवढेच पाण्यातनं परत बर्फाला चिकटतात. त्या पाण्यात मीठ विरघळलं की सोडियम-क्लोराइडचे आयन (मीठ विरघळताना तुटून होणारे विद्युतभारित कण) मधे येतात, परत चिकटणारे कमी होतात, सुटणारे मात्र तेवढेच, म्हणून बर्फ वितळत जातो, संपला विषय. मीठ काही गरम करत नाही, सगळा घोळ इथंच होतो लोकांचा.

आता एक ग्रॅम बर्फ वितळायला 334 ज्यूल उष्णता लागते, ती कुठनं तरी यायलाच पाहिजे न्हवं? रस्त्यावर डांबर, हवा, ऊन, टायर देतात. पॉटच्या लाकडी बादलीत बाहेरची उष्णता सहज शिरत नाही, मग ती आतल्या डब्यातल्या दुधातनं आणि त्या बर्फातनंच खेचली जाते, म्हणून हात लावला तर चटका बसल्यासारखं होतं.

मिठाची हद्द उणे 21 डिग्री, त्याखाली ते बर्फ वितळवू शकत नाही, तीपण साधारण 23 टक्के मीठ असेल तर. रस्त्यावर उणे 10 च्या आसपासच ते रडायला लागतं, तिथनं खाली कॅल्शियम क्लोराइड वापरतात (हे विरघळताना खरंच गरम होतं), नाहीतर सरळ वाळू, टायरला पकड मिळायला.

गूळ टाकला तर काय, असं कुणीतरी कोल्हापूरकर विचारणारच! चालेल की, पण किती कण विरघळले यावर खेळ आहे, साखरेचा रेणू जड आणि तुटतपण नाही, त्यामुळं मिठाएवढा परिणाम पाहिजे तर वजनानं बारापट साखर लागंल. गंमत म्हणजे तिकडं काही शहरांत मिठाच्या पाण्यात बीटची मळी खरंच मिसळतात, चिकटून राहावं म्हणून.

आणि पाहुण्यांना सांग, थंडीभर गाडी खालनं धुवून घेत जा, क्लोराइडनं पत्रा गंजतोय.