खाऊ-शंका : अमेरिकेच्या दक्षिणेत, छोट्या गावातल्या खानावळीत

मुलाकडे-मुलीकडे अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी या भागात दोन-तीन महिन्यांसाठी निघालेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मोठ्या शहरांत इडलीपासून पिझ्झापर्यंत सगळं मिळतं. पंचाईत होते ती गाडीने फिरताना, लहान गावात. तिथे चौकात एखादाच कॅफे असतो आणि दुपारी अर्धं गाव तिथेच जेवायला येतं.

प्रश्न : आम्ही दोघंही शाकाहारी, अंडंही खात नाही. मुलगा म्हणतो, तिकडच्या साध्या हॉटेलांत ‘व्हेजिटेबल प्लेट’ मिळते, चार भाज्या आणि मक्याचा पाव. मग काळजी कशाला? (धरमपेठ)

काळजी त्या चार भाज्यांचीच करायची आहे. या ताटात मांसाचा तुकडा वाढत नाहीत, एवढीच त्याची हमी. कोलार्ड (कोबीच्या जातीचा पाला) किंवा टर्निपचा (सलगमचा) पाला तिथे तास-दीड तास शिजवतात, आणि पातेल्यात सुरुवातीलाच डुकराच्या पायाचा धुरावलेला सांधा (हॅम हॉक) किंवा खारवलेली चरबी पडते. भाजीला मीठ, धूर आणि स्निग्धपणा त्यातूनच येतो. शेंगा, चवळी, पिंटो बीन्स यांचंही तेच. पाल्याचं उरलेलं पाणी ‘पॉट लिकर’ म्हणून मक्याच्या पावासोबत खातात. त्यात दारू नसते, पण डुकराचा रस असतो.

म्हणून ‘व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारून भागत नाही. वाढणाऱ्या बाई मनापासून ‘हो’ म्हणतील, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच आहे. नेमकं विचारा : ‘इज इट कुक्ड विथ हॅम, बेकन ऑर चिकन ब्रॉथ?’ (हॅम आणि बेकन दोन्ही डुकराचं मांस, ब्रॉथ म्हणजे कोंबडी उकळलेलं पाणी.) त्यांना माहीत नसेल तर स्वयंपाकघरात विचारून येतात. यात कोणाला राग येत नाही.

बाकीचे पदार्थही एकेक करून तपासावे लागतात. मक्याच्या पावात बहुधा अंडं असतं, शिवाय लोखंडी तव्याला पुष्कळदा बेकनची चरबी लावलेली असते. कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि बटाट्याचं सॅलड मेयॉनेजमध्ये कालवतात, म्हणजे पुन्हा अंडं. भट्टीत भाजलेल्या मॅकरोनी-चीजमध्येही बऱ्याच ठिकाणी अंडं फोडतात. गोड रताळ्यांवर पांढरे मऊ तुकडे दिसले तर ते मार्शमॅलो, त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला पदार्थ. थरथरणारं रंगीत ‘कन्जील्ड सॅलड’ही जिलेटिनचंच. तळलेली भेंडी बघून नागपूरकराचा हात हमखास पुढे जातो, पण ज्या तेलात कॅटफिश मासा आणि कोंबडी तळतात, त्यातच ती तळलेली असू शकते. वरचं आवरण अंड्यातलं की ताकातलं, हेही विचारा.

मग उरतं काय? उन्हाळ्यात कापलेले टोमॅटो, मक्याचं कणीस, भाजलेला बटाटा किंवा रताळं, कॉटेज चीज, साधं सॅलड. जेवणापेक्षा नाश्ता सोपा जातो : पाण्यात शिजवलेले ग्रिट्स (मक्याच्या जाड रव्याची लापशी), लोणी, आणि जॅम लावलेलं बिस्किट. हे बिस्किट आपल्यासारखं कुरकुरीत नसतं, तो पापुद्र्यांचा मऊ छोटा पाव असतो. बिस्किटात बहुधा अंडं नसतं, मात्र ते लोण्यात केलंय की लार्डमध्ये, हे विचारायचं. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. हॅश ब्राउन बटाट्याचेच, पण ते बेकनच्याच सपाट तव्यावर परततात. बिस्किटावर ओतायची पांढरी ग्रेव्ही मात्र नकोच. ती सॉसेजच्या चरबीत मैदा भाजून करतात.

प्रश्न : ‘मीट अँड थ्री’ म्हणजे काय, आणि मागवायचं कसं? आम्ही कोंबडी-मासे खातो, गाय आणि डुक्कर नाही. (महाल)

एक मांसाचा पदार्थ, तीन भाज्या, आणि मक्याचा पाव किंवा बिस्किट. काही ठिकाणी काउंटरमागे गरम पाण्यावर ठेवलेल्या ट्रे असतात, तिथे बोट दाखवत पुढे सरकायचं. काही ठिकाणी कागदावर किंवा फळ्यावर यादी असते. मॅकरोनी-चीज भाज्यांच्या यादीत सापडेल, त्यात चूक नाही. भूक कमी असेल तर ‘मीट अँड टू’ मागता येतं. वाराप्रमाणे पदार्थ बदलतात, त्यामुळे मंगळवारी खाल्लेलं गुरुवारी मिळेलच असं नाही.

तुमच्यासाठी खरा फास नावांत आहे. ‘चिकन-फ्राइड स्टेक’ आणि ‘कंट्री-फ्राइड स्टेक’ यांत कोंबडी नसते. गोमांसाचा ठेचलेला तुकडा तळलेल्या कोंबडीसारखा मैद्यात घोळवून तळतात, म्हणून ते नाव. मीटलोफ आणि ‘हॅम्बर्गर स्टेक’ गोमांसाचे. बार्बेक्यू म्हटलं की या भागात बहुतेक ठिकाणी डुक्कर समजायचं. ‘फ्राइड चिकन’ ही खरी कोंबडी. कॅटफिश मक्याच्या पिठात घोळवून तळतात, सोबत ‘हश पपीज’ म्हणजे मक्याच्या पिठाचे गोळे येतात, त्यांत अंडं असतं. मिसिसिपीच्या डेल्टा भागात हा मासा तळ्यांत पाळतात, म्हणून तिकडे तो हमखास मिळतो. काटे नको असतील तर ‘फिले’ मागा, अख्खा मासा काट्यांसकट येतो.

भाज्यांबद्दल पहिलं उत्तर तुम्हालाही लागू आहे. डुक्कर टाळायचं असेल तर पाल्याची भाजी आधी विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : यादीत ताट १२ डॉलर आणि बिल येतं भलतंच. टिप द्यायलाच हवी का? (प्रतापनगर)

यादीतल्या दरात विक्रीकर धरलेला नसतो. अलाबामात राज्य आणि गावाचा मिळून तो बहुतेक ठिकाणी ९ ते १० टक्के होतो. उदाहरणार्थ ताट १२ डॉलर आणि चहा ३, म्हणजे १५. त्यावर ९ टक्के कर १.३५. टिप कर धरायच्या आधीच्या रकमेवर काढतात : १८ टक्के म्हणजे २.७०. एकूण १९.०५.

टेबलावर येऊन वाढणाऱ्याला १५ ते २० टक्के द्यायचे, ही तिथे मेहेरबानी मानत नाहीत. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, आणि १९९१ पासून ते बदललेलं नाही. अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी, मिसिसिपी इथे तोच आकडा चालतो. टिपेसह रक्कम सर्वसाधारण किमान वेतनाइतकी भरली नाही, तर उरलेली भर मालकाने घालायची, असा नियम आहे. तरी वाढणारीची कमाई मुख्यतः तुमच्या टेबलावरूनच होते. स्वतः रांगेत ताट घेतलं आणि फक्त चहा कोणी आणून दिला, तर दहा टक्के पुरे. पैसे बरेचदा दाराजवळच्या गल्ल्यावर भरतात आणि टिप टेबलावर ठेवतात. काही जागी कार्ड चालत नाही, थोडी रोकड बाळगा.

एका ताटात दोघांनी जेवायचं तर काही ठिकाणी वेगळे पैसे लावतात. बुफेत तर तसं चालतच नाही. त्यापेक्षा उरलेलं डब्यात मागून घ्या, तो रिवाज तिथे सर्रास आहे.

प्रश्न : रात्री आठला पोचलो तर जेवण मिळेल? (त्रिमूर्तीनगर)

या प्रकारच्या जागेत बहुधा नाही. पुष्कळशा फक्त सकाळी आणि दुपारी चालतात, दोन-तीनच्या सुमारास बंद. दीड वाजता गेलात तरी चांगल्या भाज्या संपलेल्या असतात. रविवारी प्रार्थना सुटल्यावर, म्हणजे बारा-साडेबाराला, तुडुंब गर्दी होते. त्याआधी जा. काही जागा रविवारी किंवा सोमवारी उघडतच नाहीत, निघण्यापूर्वी फोन करा.

प्रश्न : तिकडे खाल्लेली पापुद्र्यांची बिस्किटं मे महिन्यात घरी केली, दगड झाली. बेकिंग पावडर नवीच होती. (मनीषनगर)

दोष मैद्याचा आणि मे महिन्याचा. तिकडे मऊ हिवाळी गव्हाचा मैदा वापरतात. १८८३ मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला सुरू झालेला ‘व्हाइट लिली’ हा त्यातला नावाजलेला. त्यात प्रथिनं ८-९ टक्के असतात. आपला मैदा याहून चिवट, म्हणून २१० ग्रॅम मैद्यात ४० ग्रॅम पांढरं कॉर्नफ्लोअर मिसळा. त्यात ३ चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, एक चमचा मीठ. लोणी खारं असेल तर मीठ निम्मं.

६० ग्रॅम लोण्याचे बारीक चौकोन करून वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. मैदा आणि परातही अर्धा तास फ्रीजमध्ये. मग बोटांच्या टोकांनी हरभरा डाळीएवढे कण राहतील इतपतच चोळा. भट्टीत या कणांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलते. ४४-४५ अंशांच्या दुपारी लोणी हातातच वितळतं, मैदा ते पिऊन टाकतो आणि उचलायला काही उरत नाही. मे महिन्यात हे काम पहाटेच करा.

ताक आपल्या पिण्याच्या ताकासारखं पातळ नको. १४० ग्रॅम घट्ट दही आणि ३५-४० मिलिलिटर पाणी घुसळा. पीठ जेमतेम गोळा होईपर्यंतच हलवा. पोळीच्या कणकेसारखं मळलंत की संपलं. ओट्यावर थापून तीन वेळा घडी घाला, जाडी एक इंच ठेवा. धारदार कडेच्या वाटीने सरळ खाली दाबून कापा, वाटी फिरवू नका, कडा चिकटतात आणि बिस्किट एका बाजूला कलतं. ट्रेमध्ये एकमेकांना टेकवून ठेवा. ओटीजी २२५ अंशांवर किमान पंधरा मिनिटं आधी तापलेला हवा. १२ ते १५ मिनिटं पुरतात. लहान ओटीजीत वरची कांडी जवळ येते, म्हणून ट्रे एक घर खाली.

प्रश्न : ग्रिट्स इथे मिळतील का? (गोधनी)

पाकिटाच्या मागे कशाला लागता! वाळलेला मका चक्कीवर जाड रव्यासारखा दळून आणा आणि चाळून पीठ वेगळं करा. एक वाटी रवा, चार वाट्या पाणी. निम्मं दूध घातलं तरी चालेल. रवा उकळत्या पाण्यात एकदम ओतला की गुठळ्या होतात, धारेने सोडत हलवा. मीठ सुरुवातीलाच. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं लागतात. दाताखाली कच कच लागली तर गरम पाणी घालून आणखी शिजवा. शेवटी लोणी, हवं तर किसलेलं चीज.

प्रश्न : जेवण सपक असतं म्हणतात. आणि मधुमेहींनी काय प्यावं? (धंतोली)

सावजीच्या रश्श्याला सरावलेल्या जिभेला सपक लागेलच. टेबलावर मिरच्या बुडवलेल्या व्हिनेगरची बाटली असते, ती पाल्याच्या भाजीवर शिंपडा. लुइझियानाचा टबॅस्को सॉसही बऱ्याच ठिकाणी मिळतो.

चहाचं प्रकरण गंभीर आहे. ‘टी’ म्हटलं की बर्फ घातलेला गोड चहाच येतो. गरम चहातच साखर विरघळवतात, पावणेचार लिटरला एक ते दोन कप, त्यामुळे गार झाल्यावरही ती सगळी पोटात जाते. मधुमेहींनी ‘अनस्वीट’ म्हणून मागायचं. थोडा गोड चालत असेल तर ‘हाफ अँड हाफ’, म्हणजे निम्मा गोड, निम्मा बिनसाखरेचा. पेला रिकामा होण्याआधीच वाढणारी जग घेऊन येते, त्याचे वेगळे पैसे नसतात. गोड आणि बिनसाखरेचा असे दोन जग एकाच हातात असतात, म्हणून दर वेळी पेला भरला की आधी एक घोट चाखून बघा.