गट नंबर चुकला, आई आधी गेली. आता ‘बाकी सगळं’ कुणाचं?

यावल तालुक्यातल्या एका धाकट्या मुलाची ही अडचण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आप्पांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं होतं: ‘गट नं. 48 मधला विहिरीचा केळीचा मळा धाकट्याला, कोरडवाहू तुकडा आणि जळगावचा प्लॉट मोठ्याला, मुलीला 60,000 रुपये, बाकी सगळं बायकोला.’ मिळकत सगळी स्वकष्टाची. पुढे आप्पांनी प्लॉट विकला आणि 9,60,000 रुपये मुदत ठेवीत टाकले, नॉमिनी मोठा. मग मुलगी गेली, मग आई, शेवटी आप्पा. सातबारा काढला तर विहिरीचा मळा गट 84 मध्ये. ‘मृत्युपत्र रद्दच झालं ना?’ हीच त्याची धास्ती.

नाही झालं. मृत्युपत्राला वकिली भाषा लागत नाही, लिहिणाऱ्याचा हेतू कळला की पुरे. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 74 तेच सांगतं. नवनीतलाल विरुद्ध गोकुळ (ए.आय.आर. हा निकालसंग्रह, 1976) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे न्यायाधीशाने लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून, त्याचं घर आणि परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून कागद वाचायचा असतो. आप्पांचा विहिरीचा मळा एकच. मग कलम 78 प्रमाणे ‘48’ हा चुकीचा आकडा बाजूला पडतो आणि उरलेलं वर्णन चालतं. मात्र पुरावा हवा: मृत्युपत्राच्या काळातला सातबारा (विहीर आणि केळीची पीकनोंद असलेला), मोटारीचं वीजबिल, ठिबकच्या अनुदानाचे कागद, सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. या सगळ्यांवर 84 आहे, हे दाखवता आलं पाहिजे. विहिरीचे मळे दोन असते, तर आप्पांच्या मनात कोणता होता हे बाहेरच्या पुराव्याने दाखवता आलं असतं (कलम 80). पण मुलीच्या रकमेची जागा कोरी असती, तर ‘आप्पा साठ हजारच म्हणायचे’ असं शंभर जणांनी सांगूनही उपयोग नव्हता. कलम 81 तो पुरावा घेऊच देत नाही.

खरी गुंतागुंत ठेवीत आहे. मोठा म्हणतो, ‘प्लॉट माझा, म्हणजे त्याचे पैसेही माझे.’ तसं होत नाही. नेमून दिलेली वस्तू मरणाच्या वेळी आप्पांच्या मालकीची नव्हती, म्हणून ते दानच, म्हणजे मृत्युपत्रातलं ते देणंच, संपलं (कलम 152). विक्रीची रक्कम ‘बाकी सगळं’ मध्ये जाते. नॉमिनी म्हणून बँक पैसे त्याच्या हातात देईल. त्याने तो मालक होत नाही.

आता ‘बाकी’ मिळणारी आईच आप्पांच्या आधी गेली. तिचं दान पडतं, म्हणजे निष्फळ ठरतं, आणि ती मिळकत मृत्युपत्राबाहेर राहते. मग हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. आधी मुलीचे 60,000 वजा करायचे. मुलगी आधी वारली तरी तिची मुलं हयात असल्याने ही रक्कम बुडत नाही. 1925 च्याच कायद्याच्या कलम 109 प्रमाणे मुलगी जणू आप्पांच्या लगेच नंतर वारली असं धरतात, म्हणून रक्कम तिच्या वारसांना जाते: नवरा आणि दोन मुलं, प्रत्येकी 20,000. उरलेल्या 9,00,000 चे तीन वाटे: दोघा भावांना तीन-तीन लाख, बहिणीच्या शाखेचे तीन लाख तिच्या दोन मुलांना, दीड-दीड. हा वाटा थेट आप्पांच्या वारसांचा, म्हणून त्यात जावयाचं नाव नाही. साठ हजार मुलीच्या वारसांचे, म्हणून त्यात आहे. दोन्ही रकमा एकाच घरात जाणार म्हणून लोक त्या एकत्र धरतात आणि इथेच भांडण पेटतं.

तलाठ्याकडे फेरफाराला हरकत आली, तर नोंद तक्रार नोंदवहीत जाते. पण फेरफाराने मालकी ठरत नाही. मळ्यावर वाद राहिला तर दिवाणी न्यायालयात जाहीर हुकमाचा, म्हणजे ‘मळा माझाच असं न्यायालयाने जाहीर करावं’ असा, दावा लावावा लागेल. त्याआधी निदान एक साक्षीदार हयात आहे का ते बघून ठेवा, भाऊ. मृत्युपत्र आधी त्याच्या तोंडून शाबीत व्हावं लागतं, अर्थ लावणं नंतर.

ज्यांचं मृत्युपत्र अजून घरात आहे, त्यांनी गट नंबरासोबत चतुःसीमा लिहावी, आणि शेवटी हे वाक्य घालावं: ‘वर न लिहिलेली, यापुढे मिळणारी आणि जिचं दान निष्फळ ठरेल अशी सर्व मिळकत माझ्या पत्नीला, ती माझ्या आधी वारल्यास अमुक-अमुक यांना, सारख्या हिश्शाने.’