‘प्रारंभ’ आणि ‘प्रस्ताव’ यांना समानार्थी शब्द कोणते व त्यांत फरक काय?

‘सुरुवात’ कुठेही चालते. नाशिकच्या बागांत ऑक्टोबरच्या छाटणीला सुरुवात होते, तिथे ‘प्रारंभ’ म्हटले तर ऐकणारा हसेल. मात्र 14 जुलै 2015 रोजी रामकुंडावर ध्वजारोहण होऊन सिंहस्थाचा झाला तो ‘प्रारंभ’च, कारण त्या शब्दात विधी आणि औपचारिकता गृहीत असते. ‘श्रीगणेशा’ आणि ‘ओनामा’ हे पाटीवर पहिली अक्षरे गिरवण्यातून आले असल्याने शिकण्याच्या किंवा नव्या कामाच्या पहिल्या पावलासाठी शोभतात. ‘मुहूर्तमेढ’ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. म्हणून जे पुढे उभे राहून टिकायचे आहे, उदाहरणार्थ एखादी संस्था, तिचीच मुहूर्तमेढ रोवली जाते, भाषणाची नव्हे.

‘प्रस्ताव’ हा शब्द मात्र दोन्हीकडचा आहे. सामगानात, म्हणजे सामवेदातील मंत्रांच्या गायनात, आरंभीच्या भागाला ‘प्रस्ताव’ म्हणतात, आणि ग्रंथारंभीच्या ‘प्रस्तावने’त तो अर्थ अजून जिवंत आहे. आज मात्र त्याचा अर्थ विचारार्थ मांडलेली गोष्ट असा होतो. सोसायटीच्या सभेत कोणी जिना रंगवायचे सुचवले तर ती ‘सूचना’, खर्चासह लेखी मांडले तर ‘प्रस्ताव’ आणि सूचक-अनुमोदकांसह सभेने संमत केला की ‘ठराव’. (इतिवृत्तात तिन्हींची सर्रास सरमिसळ होते, आणि पुढच्या सभेत वाद तिथूनच पेटतो.) लग्नाच्या बोलणीत मात्र ‘प्रस्ताव’ फार कोरडा वाटतो, तिथे ‘स्थळ’ येते किंवा ‘मागणी’ घातली जाते.