एमपीएच झालंय, आता हेल्थ इकॉनॉमिक्स शिकू का?

कळव्याच्या एका डॉक्टरांचं पत्र आलंय. बीएएमएस, मग एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, आणि सध्या ठाण्यातल्या एका नागरी आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी. त्यांना हेल्थ इकॉनॉमिक्स, म्हणजे आरोग्य अर्थशास्त्र शिकायचंय. पण बारावीला गणित नव्हतं. सासरे म्हणतात, ‘हिशेबच लिहायचे होते तर बीकॉम काय वाईट होतं?’ मैत्रीण सांगते, हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए कर. नोकरी सोडून पुन्हा दोन वर्षं शिकावं का, असं त्या विचारतात.

डॉक्टर, नोकरी सोडू नका. विषय मात्र जरूर शिका.

एमबीएचा मुद्दा आधी निकालात काढू. एक हॉस्पिटल तोट्यात न जाता कसं चालवायचं, हे तिथे शिकवतात. तुम्हाला पडलेले प्रश्न त्यातले नाहीत. तुम्ही पत्रात लसीकरणाच्या सत्राबद्दल लिहिलंय, तेच घेऊ. बीसीजीची कुपी एकदा पातळ केली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकायची. दहा डोसांच्या कुपीला तीनच बाळं आली, तर एका बाळामागे लशीचा खर्च तिपटीहून जास्त. त्यात एएनएमताईंचा अर्धा दिवस धरा, लशी थंड ठेवणाऱ्या आयएलआर फ्रिजची किंमत त्याच्या आयुष्याच्या वर्षांवर वाटून त्यातला या सत्राचा वाटा धरा, जागेचं भाडं धरा. बाळाच्या आईचं रिक्षाभाडं आणि बुडालेला रोज केंद्राच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही. तोही धरायचा की नाही, हे आधी ठरवावं लागतं. आता कुणी म्हणेल, सत्रं कमी करा, कुप्या वाचतील. वाचतीलही. पण त्यापायी किती बाळं लशीविना राहतील आणि ते आपल्याला चालणार आहे का, इथे खरं आरोग्य अर्थशास्त्र सुरू होतं. नुसता खर्च काढणं ही त्याची पहिली पायरी. सासऱ्यांचा आक्षेप त्या पायरीपुरता बरोबर आहे!

मुंबईतलंच एक उदाहरण सांगतो. टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची दर दोन वर्षांनी तपासणी केली, आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याहून महाग तपासण्या आहेत, काही अधिक अचूकही आहेत. मग जास्तीच्या पैशात जास्तीचं आयुष्य किती मिळतं? या भागाकाराला आयसीईआर म्हणतात. तो मांडता येणं आणि दुसऱ्याने मांडलेला तपासता येणं, अभ्यासक्रमाचा गाभा हाच.

गणिताचं म्हणाल तर, आधी कुठल्या गटात जायचंय ते ठरवा. इतरांचे अभ्यास वाचून आपल्या कार्यक्रमाचा निर्णय घ्यायचा असेल, तर एमपीएचला झालेलं बायोस्टॅटिस्टिक्स आणि एक्सेल बऱ्यापैकी पुरतं. डिसिजन ट्री आणि मार्कोव्ह मॉडेल दिसायला भयंकर, पण मुळात संभाव्यतेचे गुणाकारच. स्वतः संशोधक व्हायचं असेल तर मात्र इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र, आणि ‘आर’ या संगणकीय भाषेला पर्याय नाही, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. पत्रावरून तुम्ही मला पहिल्या गटातल्या वाटता.

देवनारच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, आरोग्य धोरण, अर्थशास्त्र आणि वित्त या अंगाने एमपीएच शिकवलं गेलंय. पण तुमच्याकडे एमपीएच आहेच, दुसरं घेऊन काय करणार? इंग्लंडचं यॉर्क विद्यापीठ आरोग्य व्यावसायिकांसाठी हा विषय दूरशिक्षणाने शिकवत आलंय, सर्टिफिकेट, डिप्लोमा, एमएस्सी असा टप्प्याटप्प्याने. अभ्यासक्रम भक्कम, फी पौंडात. शिष्यवृत्ती मिळत नसेल तर कर्ज काढून करू नका. चंदीगडच्या पीजीआयचा सार्वजनिक आरोग्य विभाग या विषयात देशात आघाडीवर आहे, त्यांच्या छोट्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. ऑनलाइन सर्टिफिकेटं विकणारे ढीगभर आहेत. पैसे भरण्याआधी एकच विचारा: मॉडेल मला स्वतःला बांधायला लावणार का? नुसती व्याख्यानं असतील तर सोडून द्या.

नोकऱ्या आहेत, पण भरपूर आहेत असं मी म्हणणार नाही. औषधांचं आणि तपासण्यांचं मूल्यमापन करणारी एचटीएइन ही व्यवस्था केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली चालते. तिचं काम परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेतही झालंय, म्हणजे कळव्याहून एका लोकलवर. जनआरोग्य योजनांमध्ये शस्त्रक्रियांचे पॅकेज दर ठरवायला या विषयातली माणसं लागतात. औषध कंपन्यांच्या ‘एचईओआर’ विभागात, म्हणजे औषधांचा खर्च आणि परिणाम अभ्यासणाऱ्या विभागात, पगार बरा, पण तिथे कंपनीचं औषध किफायतशीर ठरावं ही अपेक्षा असते. ते पटेल का, तुम्हीच बघा. सरकारी बाजूला कामाची गरज मात्र दिसते: राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही दर शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात.

तेव्हा सुरुवात आपल्याच केंद्रापासून करा. बीसीजीचं सत्र किंवा रक्तदाबाची तपासणी, एकच काहीतरी निवडा आणि तीन महिन्यांचा खर्च काढा. त्याआधी महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘हो’वर आकडे बाहेर नेऊ नका. तक्ता तयार झाला की मला पाठवा, पुढचा कोर्स तो बघून ठरवू.