वाचकांचे प्रश्न : समोरच्या घरातल्या सासूबाई

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि सासू-सासरे समोरच्याच घरात राहतात. सासूबाई रोज संध्याकाळी आमटीचा डबा घेऊन येतात, मी आमटी केलेली असली तरीही. गेले दोन महिने जेवणे आटोपल्यावर आम्ही नवराबायको ‘एव्हरीबडी लव्हज रेमंड’ ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका पाहतो. परवा सासूबाईही येऊन बसल्या, म्हणून मी त्यांना प्रसंग मराठीत सांगत होते. सासू सुनेला खिम्याच्या गोळ्यांची कृती शिकवते, पण मसाल्याच्या बाटलीवरची चिठ्ठीच बदलून ठेवते, असा तो भाग होता. सासूबाई म्हणाल्या, ‘‘चिठ्ठी बदलली नसती तरी हिच्या हाताला ती चव आली असती का?’’ मला रागही आला आणि हसूही आवरेना. ज्यावरून घरात खटके उडतात, तेच पडद्यावर पाहताना हसू का येते?
— एक सूनबाई, सांगली

उत्तर : तुमच्या सासूबाईंचे वाक्य त्या मालिकेच्या लेखकांच्या कानी पडते, तर त्यांनी ते तिथल्या तिथे टिपून घेतले असते. सप्टेंबर 1996 ते मे 2005 या काळात सीबीएस वाहिनीवर तिचे नऊ पर्वांत 210 भाग झाले, आणि एवढ्या भागांना पुरलेला पसारा पाहावा तर अगदी लहान आहे : वृत्तपत्रात खेळांवर सदर लिहिणारा रे बरोन, त्याची बायको डेब्रा, तीन मुले, आणि रस्ता ओलांडला की समोर रेचे आईवडील मरी व फ्रँक आणि पोलिसात नोकरीला असलेला थोरला भाऊ रॉबर्ट. रेची भूमिका करणारे रे रोमानो यांच्या घरच्या हकिकतींत निर्माते फिल रोझेन्थल यांनी स्वतःच्या आईवडिलांच्या हकिकती मिसळल्या, आणि हाताखालच्या लेखकांनीही आपापल्या घरची भांडणे आणून बैठकीत मांडावीत असा शिरस्ता घालून दिला. त्यामुळे पहिल्या भागातला पेचसुद्धा किती किरकोळ आहे पाहा : मुलगा आईला दर महिन्याला घरपोच फळांची पेटी येईल अशी भेट देतो आणि आई हवालदिल होते, की एवढ्या फळांचे आता मी करू काय. आपल्याकडे तासगावहून द्राक्षांची पेटी आली तर दोन-दोन घड शेजारी पोचते करून विषय संपतो. मरीच्या घरात मात्र त्यावरून रामायण घडते, आणि ते पाहताना आपल्याला आपल्याच घरातली एखादी पेटी आठवते.

चिठ्ठी बदलण्याच्या प्रसंगात प्रेक्षकाला मरीची लबाडी दिसते, आणि त्याच वेळी तिच्या पोटातली भीतीही दिसते, की सुनेला ही चव साधली तर मुलगा रस्ता ओलांडून जेवायला कशाला येईल. आपल्या स्वयंपाकघरात उभे असताना आपल्याला एवढे लांबून पाहता येत नाही. तिथे फक्त झाकण लावलेला डबा दिसतो. मरीचे काम करणाऱ्या डोरिस रॉबर्ट्स यांना या एका भूमिकेसाठी चार वेळा एमी हा अमेरिकन टीव्हीवरचा मानाचा पुरस्कार मिळाला, तो कजाग सासू वठवल्याबद्दल मिळाला असे मला वाटत नाही. सुनेचे घर परस्पर आवरून ठेवताना आपण तिच्यावर उपकारच करत आहोत, अशी त्या बाईची जी प्रामाणिक समजूत आहे, ती त्यांनी एकदाही ढळू दिली नाही.

राहता राहिला नवरा. मालिकेतल्या बहुतेक कलहांचे मूळ शोधत गेले तर ते रेपाशी पोचते, कारण आईला ‘नको’ म्हणण्याचे काम तो बायकोवर ढकलतो, बायकोची समजूत घालण्याचे काम उद्यावर ढकलतो, आणि आपण सामना लावून बसतो. तुमच्या पत्रात यजमानांचे एकही वाक्य नाही, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही.

प्रश्न : त्या मालिकेतले हसण्याचे आवाज नंतर चिकटवलेले असतात का? आणि तिन्ही मुले खरोखरच भावंडे आहेत, असे मैत्रीण म्हणते.
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : मैत्रिणीचे बरोबर आहे, मुलगी आणि तिचे जुळे भाऊ ही खरी भावंडेच आहेत. चित्रीकरण स्टुडिओत बसवलेल्या प्रेक्षकांपुढे एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून होत असे, त्यामुळे हशा मुळात त्या प्रेक्षकांचाच आहे. नट हशा ओसरेपर्यंत थांबतात आणि मगच पुढचे वाक्य टाकतात, हे नीट पाहिलेत तर कळेल. भावे नाट्यमंदिरात विनोदी नाटक पाहिलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

प्रश्न : सासू-सुनांच्या मराठी मालिका वर्षानुवर्षे चालतात, पण त्यांत हसण्यासारखे काही नसते. परदेशी मालिका मराठीत आणली तर ती आपल्या मातीत रुजेल का?
— एक निवृत्त शिक्षक, हरिपूर

उत्तर : हा प्रश्न हरिपूरहून यावा यात मौज आहे. गोविंद बल्लाळ देवल तुमच्याच गावचे. मोलिएरचे फ्रेंच नाटक इंग्रजीच्या वाटेने त्यांच्यापर्यंत आले आणि त्यांनी त्यातून आधी ‘फाल्गुनराव’ रचला, ज्याचा 1916 साली ‘संगीत संशयकल्लोळ’ झाला. एकमेकांवर संशय घेणारे फाल्गुनराव आणि कृत्तिका हे जोडपे परक्या मुलखातून आले आहे, अशी शंका आज कोणाला येत नाही, कारण देवलांनी नुसती नावे बदलली नाहीत, तर भांडणाची भाषाच आपल्या घरातली घातली.

‘रेमंड’चेही हिंदी रूप 2015 साली स्टार प्लसवर ‘सुमित संभाल लेगा’ या नावाने आले होते. ते दिल्लीतल्या वालिया कुटुंबात बसवले होते आणि आईवडिलांच्या भूमिकांत भारती आचरेकर व सतीश शाह होते. त्याआधी 2004 साली सुरू झालेल्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’मध्येही सतीश शाहच सासरे होते, आणि तिथेही मुलगा-सून समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत. मला विचाराल तर साराभाईंचे घर अधिक जमले, कारण घासाघीस करून वस्तू आणणारी मोनिशा आणि तिच्या राहणीला नाक मुरडणारी माया, हा झगडा मुंबईतच उगवलेला होता. तो कुठून आणावा लागला नाही.

आपल्या दैनंदिन मालिकांत हसू का नाही, याचे उत्तर मला लेखकांपेक्षा वेळापत्रकात सापडते. अमेरिकन मालिकेचा एक भाग जाहिराती वजा जाता सुमारे 22 मिनिटांचा असतो, आठवड्यातून एकदा येतो, आणि भांडण त्याच भागात लागून त्याच भागात मिटते. पुढच्या आठवड्यात सगळी माणसे पुन्हा होती तिथे उभी असतात. आठवड्याला सहा भाग द्यायचे ठरले की भांडण मिटवणे परवडत नाही, ते तापते ठेवावे लागते, आणि त्यासाठी घरात कोणी तरी कायमचे वाईट असावे लागते. जिच्या वाईटपणावर उद्याचा भाग अवलंबून आहे, त्या सासूला हसणार कसे? आपल्याला हे जमत नाही असे मात्र नाही. 2001 साली सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदाच येत असे, आणि आबा टिपरे व त्यांची सून श्यामल एका छताखाली राहत असूनही तिथे कोणालाही कारस्थान करावे लागले नाही.

प्रश्न : आईला इंग्रजी येत नाही. ‘रेमंड’चा एकच भाग तिच्याबरोबर पाहायचा तर कोणता पाहू?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : सातव्या पर्वातला बॅगेचा भाग पाहावा. नवराबायको सहलीहून परततात आणि बॅग जिन्याच्या मधल्या पायरीवर राहते. ती वर कोणी न्यायची, यावर दोघेही एक शब्द न बोलता हटून बसतात आणि तीन आठवडे बॅग तिथेच राहते, त्यामुळे अर्धी गंमत भाषेवाचूनच कळते. पुढे रे त्या बॅगेत चीज भरून ठेवतो, वास सुटला की बायको ती उचलेल म्हणून. या भागाच्या लेखनाला 2003 सालचा एमी पुरस्कार मिळाला होता.

एक प्रसंग मात्र आईला थांबवून सांगावा लागेल. मरी सुनेला बाजूला घेऊन आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या लाकडी काट्या-चमच्याची हकिकत सांगते. तो काटा-चमचा तिच्या आणि फ्रँकच्या एका जुन्या भांडणाची खूण आहे, आणि या बॅगेचे तसे होऊ देऊ नकोस, असे ती सुनेला बजावते. चिठ्ठी बदलणारी ती हीच बाई. तो प्रसंग सांगताना पत्नीही खोलीत असली तर बरे, म्हणजे भाषांतरात तुम्ही कोणाच्या बाजूने काही गाळले, असे नंतर कोणाला म्हणता येणार नाही.